राखणीची बाजू

मैदानाच्या मधल्या रेघेशी आल्यावर कोरिनचे पाय थांबले. बाकी काही झालं नव्हतं. सकाळचे साडेआठ, ओमाहातल्या सरावाच्या हॉलमध्ये चिटपाखरू नव्हतं, नुकत्याच पुसलेल्या लाकडी फरशीला लिंबाच्या साबणाचा वास येत होता, आणि ती छातीशी फाइल धरून पलीकडच्या दारातून बैठकीच्या खोलीकडे निघाली होती. रोजचाच रस्ता. अकरा वर्षं ती ह्या फरशीवरून अशीच ये-जा करत होती. आज उजवा पाय रेघेच्या अलीकडे टेकला आणि डावा त्याच्या शेजारी येऊन गुमान उभा राहिला. गुडघे आपसूक थोडे वाकले. हातही पुढे आले असते, पण हातांत फाइल होती. एक्कावन्न वर्षांची बाई, केस अर्धे पांढरे, गळ्यात ओळखपत्र, रिकाम्या मैदानात एका काळ्या रेघेपुढे उभी. रेघ दोन बोटं रुंद. एखाद्या रांगत्या पोरानेही ओलांडली असती. कोरिनने श्वास घेतला, स्वतःशीच हसल्यासारखं केलं आणि रेघेच्या कडेने, भिंतीला लागून, वळसा घालून गेली. मग दारात पोचल्यावर तिला स्वतःचा इतका राग आला की दाराची मूठ तिने उगीचच दोनदा फिरवली.

कारण फाइलमध्ये होतं. काल दुपारी ब्रिटा लोमनच्या घरची माहिती आली होती, दरवर्षी प्रत्येक मुलीची येते तशी, एका पानाची. ह्या मुलीला कोरिनने हिवाळाभर अकरा वेळा पाहिलं होतं, साउथ डकोटातल्या एका आडबाजूच्या कॉलेजात, जिथे आतल्या प्रेक्षकांपेक्षा बाहेर बर्फात रुतलेल्या गाड्या जास्त असायच्या. तेच तिचं काम. थंडीभर गावोगाव हिंडायचं, कॉलेजातल्या मुलींचे बास्केटबॉलचे सामने बघायचे, आणि आपल्या संघात जी जागा रिकामी आहे तिथे कोण चपखल बसेल ते हेरायचं. महिलांच्या लीगमध्ये बारा संघ. एप्रिलमधल्या एका संध्याकाळी ते पाळीपाळीने आपल्याला हवी ती मुलगी उचलतात, तीन फेऱ्यांत छत्तीस जणी. ओमाहाची पाळी यंदा सातवी, आणि मधली दुसऱ्या संघाला देऊन झालेली म्हणून मग एकदम एकतिसावी. सातवी आली तिला करार, घर, नाव. एकतिसावी आली तिला पंधरा दिवसांचं शिबिर आणि परतीचं तिकीट. आणि ओमाहाला यंदा नेमकी अशी मुलगी हवी होती जी समोरचीला अडवेलही आणि लांबून बॉल टाकेलही. ब्रिटा लोमन दोन्ही करायची. नुसतं करायची नाही, तिला त्यात वेगळं असं काही वाटतच नसे. पाणी उताराने जावं तशी ती इकडून तिकडे जायची. जानेवारीत कोरिन बूटही न झटकता मालकिणीच्या खोलीत शिरली होती आणि म्हणाली होती, आपला सातवा नंबर सापडला. आणि काल त्या पानावर, आईच्या नावापुढे, लनेट डिर्क्स-लोमन. आजोबांच्या नावापुढे, बर्नेल डिर्क्स, निवृत्त कोच, ओस्टवाल्ड, आयोवा.

तीस वर्षांत ते नाव कुणी तिच्यासमोर उच्चारलं नव्हतं. मिझुरी नदीच्या ह्या काठी ओमाहा, त्या काठी आयोवा. पुलावरून पाच मिनिटं. ती आयोवात जायची तेव्हा महामार्गाने जायची, पेट्रोल भरायची, मुली बघायची, परत यायची. ओस्टवाल्डचा फाटा आला की रेडिओचा आवाज वाढवायची.

आयोवातल्या मुली तेव्हा सहा-सहा जणींचा खेळ खेळत. ओमाहातल्या आताच्या पोरींना हे सांगितलं तर त्या खोटं समजतात. मैदानाचे दोन भाग, मधे रेघ. एका संघाच्या तीन मुली एका भागात, फक्त बॉल टाकायला. तीन दुसऱ्या भागात, फक्त राखायला. रेघ कुणी ओलांडायची नाही. राखणारीने समोरच्यांचा बॉल हिसकावला तरी रेघेपर्यंत आणायचा, पलीकडच्या आपल्या मुलीच्या हातात द्यायचा, आणि मग गुडघ्यांवर हात ठेवून बघत उभं राहायचं. शाळेची चार वर्षं कोरिन उबेन तशी उभी राहिली. पलीकडे लनेट बॉल टाकायची. एका सामन्यात चोपन्न गुण, एका सामन्यात एकसष्ट. गाव हजार वस्तीचं आणि हॉलमध्ये माणसं चौदाशे. धान्याच्या कोठारावरची माणसं हात न धुता यायची, म्हाताऱ्या बायका विणकाम घेऊन बसायच्या, आणि सगळे मिळून बाकांवर पाय आपटत म्हणायचे,

लनेट गं लनेट, टाक बाई टाक,
जाळीला घाल आपल्या गावाचा धाक.

राखणाऱ्यांसाठी गाणं नव्हतं. कोरिन कधीकधी रात्री अंथरुणात स्वतःसाठी एखादी ओळ जुळवायची. कोरिन गं कोरिन, राख बाई राख. पुढची ओळ यायची नाही. राखेला दुसरं काय जुळणार?

बाजू ठरली ती आठवीत. ऑक्टोबर होता, मक्याची कापणी चालू होती, हॉलच्या खिडक्यांवर भुश्याची पिवळी पूड बसली होती. कोच डिर्क्सने सगळ्या मुली एका ओळीत उभ्या केल्या आणि तो पाठीमागून चालत आला. बोलला नाही. एकेकीच्या खांद्याला हात लावायचा आणि हलकेच ढकलायचा, तू इकडे, तू तिकडे. लनेट त्याची मुलगी, तिला त्याने हात लावायच्या आधीच ती टाकण्याच्या बाजूला जाऊन उभी होती. कोरिनच्या खांद्यावर तो हात जरा जास्त वेळ राहिला. तेवढ्या वेळात तिला वाटलं होतं की आता होईल. घरी अवजारांच्या शेडवर बापाने एक कडं ठोकून दिलं होतं, तिथे ती रोज संध्याकाळी तीनशे बॉल टाकायची, अंधार पडून कडं दिसेनासं झालं तरी आवाजावरून टाकायची. त्या हाताला हे कळत असणार, असं तिला वाटलं. मग त्या हाताने तिला राखणीकडे ढकललं. हात जड नव्हता. कोवळ्या वासराला दाव्याकडे वळवावं तसा.

पुढे दहावीत एकदा धीर करून ती त्याच्या खोलीत गेली होती. एक सामना मला पलीकडे द्या, म्हणाली. तो शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होता. म्हणाला, पोरी, पलीकडे उभ्या राहायला माझ्याकडे सहा जणी आहेत, अलीकडे उभं राहणारी एक. मला तुझी गरज जिथे आहे तिथे तू आहेस. हे त्याने इतक्या मायेने सांगितलं की ती बाहेर येऊन दोन दिवस आनंदात होती.

बैठकीच्या खोलीत भिंतभर फळा होता. वर संघाला काय कमी आहे त्याचे रकाने, खाली मुलींच्या नावांचे पत्ते. निळा पत्ता दोन्हीकडे खेळणारीचा, पिवळा टाकणारीचा, करडा नुसतं राखणारीचा. संघाची सर्वेसर्वा पॅट्रिस हॉलोवे ही शिकागोची उंच, काळी, रुंद पंजांची बाई. स्वतः दहा वर्षं खेळलेली. तिचा एकच नियम होता. जिने त्या हॉलात बसून घामाचा वास घेतलाय तिने पत्ता लिहायचा, आणि लिहिलेल्या रंगावर टेबलाशी बसलेल्यांनी वाद घालायचा नाही. कोरिनने दोन्ही पत्ते फाइलमध्ये आणले होते. निळा काल दुपारी, पान येण्याआधी लिहिलेला. करडा काल संध्याकाळी. तिने करडा लावला. चुंबक फळ्याला चिकटल्याचा टक् असा आवाज आला, आणि तिच्या पोटात काहीतरी गरम, गोड, पहिल्या घोटासारखं उतरलं.

"हे काय गं?" पॅट्रिस म्हणाली. "जानेवारीत तू माझा गालिचा बर्फाने भिजवलास हिच्यासाठी."

"नंतर पुन्हा पाहिलं. टाकता येत नाही तिला. हलक्या संघांपुढे जातात बॉल आत. समोर उंच पोरगी आली की मनगट आखडतं."

मनगट आखडतं हे कुठून आलं ते तिलाही कळलं नाही. इतकं तपशीलवार, इतकं खरं वाटणारं. टेबलाशी बसलेल्या एकाने, आकडे सांभाळणाऱ्याने, दबक्या आवाजात म्हटलं की आकडे तर दहातले चार आत गेल्याचं सांगतात, तेही लांबून. पॅट्रिसने त्याच्याकडे न बघताच विचारलं की तुझे आकडे साउथ डकोटात किती वेळा जाऊन आलेत, आणि सगळे हसले. मग ती कोरिनकडे वळली आणि म्हणाली, तू म्हणतेस तर तसं. एवढंच. अकरा वर्षांचा भरवसा चार शब्दांत टेबलावर ठेवला, किल्ली ठेवावी तसा. कोरिनला तो उचलावा लागला.

त्या आठवड्यात तिला झोप छान लागली. हे तिचं तिलाच विचित्र वाटलं. सकाळी आरशासमोर दात घासताना ती म्हाताऱ्याचा चेहरा मनात काढायची. आता त्र्याऐंशीचा असेल. ओस्टवाल्डच्या त्या बुटक्या घरात, मोठ्या खुर्चीत, समोर टीव्ही, बाजूला लनेट, शेजारीपाजारी, डुकराच्या मांसाचे सँडविच, केक, केकवर ब्रिटाचं नाव. सातवं नाव पुकारलं जाईल आणि ते ब्रिटाचं नसेल. आठवं नसेल, नववं नसेल. बारावं झालं की शेजारणी पिशव्या आवरू लागतील. हे चित्र तिला फार नीट काढता यायचं, कारण ते तिच्या आईच्या बैठकीतलं होतं, सत्त्याण्णव सालचं. लीग नवी निघाली होती, ती चोवीस वर्षांची होती. कॉलेजात तिला खेळायला कुणी बोलावलं नव्हतं, बोलावलं ते लनेटला. कोरिन आपणहून गेली, बाकावर बसली, आणि विसाव्या वर्षी पहिल्यांदा माणसांसमोर बॉल टाकला. तो आत गेला तेव्हा तिला लाज वाटली होती, चारचौघांत कपडे उतरवल्यासारखी. पण चोवीसपर्यंत ती टाकायला लागली होती, चांगली टाकायला लागली होती. आई त्या दिवशी नवा टेबलक्लॉथ घालून बसली होती. शेवटचं नाव झालं तेव्हा आईने टेबलक्लॉथवरचे चुरे तळहातावर गोळा केले, एक एक, सगळे, आणि बराच वेळ ते कुठे टाकावेत हे तिला सुचलं नाही.

का घेतलं नाही, हे कोरिनला पुढे सतरा वर्षांनी कळलं, ह्याच नोकरीत. लीगच्या एका जुन्या, निवृत्त निरीक्षकाची खोकी ह्या ऑफिसात आली होती, त्यात सत्त्याण्णवचे पत्ते होते. तिचा होता. उबेन, कोरिन. राखते. टाकत नाही. शाळेच्या कोचला फोन करून खात्री केली.

हे शेवटचं वाक्य ती अजूनही कधीकधी तोंडातल्या तोंडात म्हणायची. भाजी निवडताना, सिग्नलला उभी असताना. लय होती त्याला. फोन करून खात्री केली.

गुरुवारी मुलींना ओमाहात बोलावून सराव बघायचा होता. कुणाकडून काय करून घ्यायचं हे कोरिनच ठरवायची. पॅट्रिस त्या दिवशी वरच्या मजल्यावर दुसऱ्या संघांच्या फोनमध्ये गुंतली होती. अकरा वाजता ब्रिटा लोमन आली, लांब हातांची, नाकावर सोललेल्या कातडीची, आणि तिच्यामागून टोपी काढत बर्नेल डिर्क्स आत आला. तो येईल हे कोरिनच्या हिशेबात नव्हतं. तिने त्याला खुर्चीत बसलेला कल्पिला होता, आणि हा चालत होता. कंबरेत वाकलेला, पण पावलं तीच, बाहेर वळलेली. आईला विम्याच्या ऑफिसातून सुट्टी नाही मिळाली, म्हणून आजोबांनीच गाडी आणली, ब्रिटा म्हणाली. तीन तास. वाटेत दोनदाच थांबले आणि दोन्ही वेळेला खायला ॲपल पाय मिळाला म्हणून, असं सांगून ती हसली. पाय हा शब्द ती आयोवावाल्यांसारखा लांबवून बोलायची. म्हाताऱ्याने कोरिनकडे पाहून मान हलवली आणि बाजूच्या खुर्चीत बसून टोपी गुडघ्यावर ठेवली.

आणि मग कोरिनला सुचलं. आधी ठरवलेलं नव्हतं, हे ती पुढे स्वतःला पुष्कळदा सांगणार होती. तिने ब्रिटाला मैदानाच्या अर्ध्या भागात उभं केलं. सरावाला आणलेल्या तीन धिप्पाड मुली तिच्या अंगावर सोडल्या, एकीमागून एक. अडव. पुन्हा अडव. पाय सरकव, कंबर खाली, हात वर. बॉल हिसकावलास की रेघेपर्यंत आण, तिथे माझ्या माणसाला दे, परत ये. एक तास. ब्रिटा घामाने निथळली. तिच्या बुटांची फरशीवरची किरकिर हॉलभर घुमत राहिली, आणि कोरिन शिट्टी वाजवत राहिली, आणि एकदाही तिने त्या मुलीकडे पाहिलं नाही. ती खुर्चीकडे बघत होती. पहिली दहा मिनिटं म्हातारा पाय हलवत, ओठांनी मोजत बघत होता. मग त्याचा पाय थांबला. मग त्याने टोपी गुडघ्यावरून उचलून दोन्ही हातांत धरली. विसाव्या मिनिटाला त्याने मुलीवरची नजर काढून कोरिनवर लावली, आणि मग ती तिथून हलली नाही. त्याला कळलं होतं. कोरिनच्या मानेवरून एक शिरशिरी गेली. सणाच्या दिवशी अंगावरून नवं कापड जावं तशी.

तास संपल्यावर ब्रिटा गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होती. "मॅडम, मी थोडे बॉल टाकून दाखवू? लांबून?"

"गरज नाही," कोरिन म्हणाली. तिने तो शब्द फार मायेने उच्चारला.

मुलगी आंघोळीला गेली. धिप्पाड मुली बाटल्या उचलून गेल्या. म्हातारा उठला नाही, म्हणून कोरिन त्याच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसली. जवळून त्याला पुदिन्याच्या गोळ्यांचा आणि लोकरीचा वास येत होता, तोच, तीस वर्षांत न बदललेला. तो म्हणाला, वाळलीस गं. ती म्हणाली की काम असतं. त्याने विचारलं की आई कधी गेली, तिने सांगितलं. लनेटचं विचारायचं नाही असं तिने ठरवलं होतं, पण त्यानेच सांगितलं. कॉलेजात गेल्यावर पाच जणींचा खेळ, तिथे राखायलाही लागतं, लनेटला ते कधी आलंच नाही. दुसऱ्या वर्षी परत आली. आता विमे विकते, गुडघे दुखतात. अर्ध्या मैदानाची पोरगी, तो म्हणाला, आणि टोपीची किनार बोटांनी फिरवत राहिला.

"सत्त्याण्णव साली तुम्हाला एक फोन आला होता," कोरिन म्हणाली.

"आला होता."

"काय सांगितलंत?"

"त्याने विचारलं, पोरगी बास्केट करते का. मी म्हटलं, मी कधी पाहिलं नाही."

"कोच, रोज संध्याकाळी तुमची गाडी आमच्या शेडवरून जायची."

वर कुठेतरी पॅट्रिस फोनवर मोठ्याने हसत होती.

"जायची," तो म्हणाला. "तिथे आलो की मी हळूसुद्धा करायचो. पण बघायचो नाही. पाहिलं असतं तर तुझी बाजू बदलावी लागली असती. मग राखलं कोणी असतं?" त्याने पहिल्यांदा मान वळवून तिच्याकडे पाहिलं. डोळे पाणावलेले होते, पण म्हाताऱ्यांचे तसेही असतात. "ह्या पोरीला मी ती रेघ दाखवलीच नाही, कोरिन. चार वर्षांची होती तेव्हापासून. इकडेही खेळ, तिकडेही खेळ. लनेट म्हणायची, बाबा, हे तुम्हाला येत होतं तर."

ह्या जागी आपण विरघळायला हवं, असं कोरिनला वाटलं. तिने वाट पाहिली. आत बघितलं, विहिरीत वाकून बघावं तसं. पण खालून जे वर आलं ते थंड आणि स्वच्छ होतं. म्हणजे त्याला येत होतं. त्याला ठाऊक होतं कसं करायचं, सगळं मैदान कसं द्यायचं, आणि ते त्याने दिलं, फक्त तिला नाही. तिच्यावरून शिकला आणि दुसरीला शिकवलं. ती कच्ची वही होती, पक्की ही. ह्या मुलीच्या प्रत्येक पावलात, त्या उताराच्या पाण्यासारख्या चालीत कोरिनचीच चार वर्षं वाहत होती, आणि म्हणून तर अकरा वेळा बर्फातून जाऊन ती बघत बसली होती, चोरीला गेलेली वस्तू दुसऱ्याच्या घरात ओळखावी तशी, न ओळखता.

"तिचा पत्ता करडा आहे," ती म्हणाली. "मी लिहिलाय. टाकता येत नाही, असं."

म्हाताऱ्याने हळूहळू मान हलवली. तिने त्याच्या तोंडाकडे लक्ष ठेवलं होतं; ओरडेल, विनवेल, वर जाऊन पॅट्रिसला सांगेल. तो काहीच करणार नाही, हे तिच्या लक्षात यायला वेळ लागला. टोपी डोक्यावर ठेवायला त्याला दोन प्रयत्न लागले. "पोरीला एवढ्यात सांगू नकोस," एवढंच तो म्हणाला. "गाडीत तीन तास आहेत." ब्रिटा ओल्या केसांनी आली, तिने त्याचा कोपर धरला, आणि दोघं काचेच्या दारातून बाहेर उन्हात गेली. मैदानावर आता कुणी नव्हतं. कोरिनला एकदम सणकून भूक लागली, आणि तिने बाहेर जाऊन रस्त्यावरच्या गाडीवरचे दोन सँडविच उभ्याउभ्या खाल्ले.

निवडीच्या संध्याकाळी खोलीत पिझ्झाचे डबे होते आणि सगळ्यांनी संघाचे नवे शर्ट घातले होते. सातवी पाळी आली, ओमाहाने टेनेसीची एक मुलगी घेतली, जी लांबून छान टाकायची आणि अडवताना जिचे पाय एकमेकांत अडकायचे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कोरिननेही. मग नावं येत राहिली. आठ, नऊ, दहा. बारा. कोरिन प्रत्येक नावाला म्हाताऱ्याच्या बैठकीत जाऊन यायची. आता केक कापला असेल. आता कुणी म्हणत असेल, दुसरी फेरी असते ना अजून. दुसऱ्या फेरीत ब्रिटा जाईल असं तिला वाटलं होतं. दुसऱ्या संघांनाही डोळे आहेत. पण संघ एकमेकांना फोन करतात, गप्पा मारतात, आणि ओमाहाच्या उबेनबाईने अकरा वेळा बघून तिला करड्यात टाकलंय, म्हटल्यावर सोळाव्या पाळीने सोडली, एकविसावीने सोडली, चोविसावीने सोडली. तिच्या शब्दाला इतकं वजन आहे, हे तिला माहीत नव्हतं. ते वजन आता तिच्या स्वतःच्या छातीवर येऊन बसलं होतं आणि तिला श्वास मोजून घ्यावा लागत होता. गोड चव गेली होती. तरी राग होता, शेकोटीच्या तळाशी निखारा असतो तसा, आणि ती त्याच्याजवळच बसून राहिली. त्याच्याशिवाय तिला थंडी वाजली असती.

एकतिसावी पाळी आली तेव्हा फळ्यावर खालच्या बाजूला सातआठ पत्ते उरले होते. पॅट्रिसने घड्याळ पाहिलं. शिबिरात टेनेसीवालीला रोज कुणीतरी अडवायला लागेल, म्हणाली, अंगावर जाणारी, न थकणारी. तिने करड्या पत्त्यावर बोट ठेवलं आणि कोरिनकडे पाहिलं. "ही चालेल?"

नाही म्हटलं असतं तर मुलगी मोकळी झाली असती. दुसऱ्या देशातल्या एखाद्या संघात खेळायला गेली असती, तिथे कुणाला ऐकू आलं नसतं ओमाहाची बाई काय म्हणाली ते. हे कोरिनला त्या क्षणी स्पष्ट दिसलं. आणि हो म्हटलं तर ती इथे येणार, ह्या फरशीवर, तिच्या शिट्टीखाली, पंधरा दिवस. म्हातारा आपल्या बैठकीत बसून ओमाहा हे नाव ऐकणार.

"चालेल," कोरिन म्हणाली.

नवीन मुलीला पहिला फोन निरीक्षकाने करायचा, अशी रीत होती. तिने तो खिडकीपाशी जाऊन केला. नदीवर अजून उजेड होता, पलीकडचं आयोवा निळसर दिसत होतं. फोन उचलला तेव्हा मागे माणसांचा गलका होता, ताटांचा आवाज होता, कुणीतरी रडत होतं की हसत होतं. कोरिनने ठरलेली वाक्यं म्हटली. अभिनंदन, शिबिर कधी, कुठे, काय आणायचं. ब्रिटाने सगळं लिहून घेतलं. आवाज जरा भरलेला होता, पण आनंदी होता. कोरिन आता फोन ठेवणार होती.

"मॅडम, एक सांगू? गुरुवारपासून मी बॉल टाकायचं बंदच केलंय."

"का?"

"त्या दिवशी तुम्ही मला एकदाही टाकायला लावलं नाही. गाडीत मी विचार करत होते. तुम्ही अकरा वेळा मला बघायला आला होतात, एवढ्या बर्फातून. तेवढं कुणी बघत नाही. मग तुम्हाला जे दिसलं तेच खरं असणार ना? आजोबा काही बोलेनात. मी म्हटलं, आजोबा, मला माझी जागा कळली. माझ्या हाताला ते नव्हतंच कधी, उगाच हट्ट करत होते मी." ती थांबली, आणि मग लाजत म्हणाली, "आता रोज अंगणात नुसतं पाय सरकवते. चारशे वेळा. बघा तुम्ही, मला चुकवून एकही पुढे जाणार नाही."

कोरिनच्या तोंडात शब्द होते. निळा पत्ता अजून फाइलमध्ये होता, पॅट्रिस चार हातांवर बसली होती, आणि हे सगळं एका वाक्यात मोडता आलं असतं. तिने तोंड उघडलं. पलीकडे मुलगी वाट बघत होती, शाबासकीची.

"छान," कोरिन म्हणाली. "तुझी तिथेच गरज आहे."